विषय बदलायचा, पण वेळेत

बारावीचा निकाल लागला की आमच्या नेसरीत पुढचे दोन महिने एकच बोलणं असतं, कोणाचं पोरगं कुठं लागलं. ऑगस्ट उजाडला की ते बोलणं थांबतं. घरोघरी समजूत होते, की प्रवेश झाला म्हणजे प्रश्न मिटला. काही मुलांचा प्रश्न मात्र तेव्हाच सुरू झालेला असतो.

गेल्या पावसाळ्यात एकदा इशानंतर शेजारची मुलगी माझ्या दारात आली. बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन तिला पाच आठवडे झाले होते. सकाळच्या एस.टी.नं गडहिंग्लजला जायची, दिवेलागणीला परतायची. बसल्या बसल्या म्हणाली, "खाला, अब्बांना सांगू नका. मला फिजिक्स-गणित नको होतं. मला वनस्पतिशास्त्र घ्यायचं होतं."

"मग घेतलं का नाहीस?"

"फॉर्मच्या रांगेत मागच्या माणसानं अब्बांना सांगितलं, गणिताला नोकरी आहे, झाडापानांना काय आहे? अब्बांनी तेच लिहायला लावलं."

अब्बांचं शिलाईचं दुकान. लेक फिजिक्स शिकते हे त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून झालेलं. आता बदल म्हणायची तिला लाज वाटत होती. पण खरी भीती वेगळीच होती. ती खाली बघून म्हणाली, "पहिल्या वर्षी नापास झाले तर मला घरी बसवतील."

हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं, कारण ते खरं आहे. आपल्या घरांत मुलगा नापास झाला तर त्याला आणखी एक वर्ष मिळतं. मुलगी नापास झाली की स्थळं बघायला सुरुवात होते. मुलाचा चुकलेला विषय एक वर्ष खातो, मुलीचा चुकलेला विषय तिचं शिक्षणच खाऊ शकतो. म्हणून आज या पानावर हाच विषय घेते.

पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला विषय बदलणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. पण तीन गोष्टी आधी बघाव्या लागतात. पहिली, नवा विषय बारावीला होता का? जीवशास्त्र सोडून फक्त गणित घेतलेल्या मुलाला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मिळणं अवघड, आणि गणित सोडलेल्याला गणित. आमच्या मुलीनं दोन्ही ठेवले होते, म्हणून तिची वाट मोकळी होती. दुसरी, मुदत. नावं आणि विषय विद्यापीठाकडे जाईपर्यंत बरंचसं काम कॉलेजच्या पातळीवर होतं. परीक्षेचा फॉर्म भरला गेला की तीच गोष्ट डोंगराएवढी होते. तिसरी, शिष्यवृत्ती. महाडीबीटीच्या अर्जात अभ्यासक्रमाचं नाव असतं. बदल करण्याआधीच कार्यालयात विचारावं, की यानं अर्जाला धक्का लागतो का.

बुडालेल्या अभ्यासाचं काय, ही चौथी काळजी. तिचा हिशेब मांडता येतो. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला साधारण ४० ते ४४ श्रेयांक असतात. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात वर्गातले पंधरा तास, प्रात्यक्षिकाचे असतील तर तीस. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे तीस तास, आठवड्याला दोन. पाच आठवडे गेले तर दहा तास गेले. दहा तासांचा अभ्यास मैत्रिणीची वही घेऊन दिवाळीच्या आत भरून निघतो. शिवाय रसायनशास्त्र दोन्हीकडे होतं, ते वाया गेलंच नाही. तीन महिने गेल्यावर मात्र हा हिशेब जुळत नाही.

पण विषय जड जातो म्हणून प्रत्येकानं बदलावा, असंही नाही. आमच्याच गल्लीतला एक मुलगा पहिल्या चाचणीत वीसपैकी चार मिळाल्यावर फिजिक्स सोडायला निघाला होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढची दोन वर्षं क्लासच्या नोट्सवर काढलेली. त्याला पुस्तकातला एक प्रश्न मी मराठीत समजावला, तर उत्तर त्यानं तोंडी दिलं. म्हणजे अडचण फिजिक्सची नव्हती, पुस्तकाच्या इंग्रजीची होती. विषय बदलला असता तरी ती इंग्रजी त्याच्या मागोमाग आलीच असती. तो राहिला, आणि रोज दोन पानं मोठ्यानं वाचू लागला. म्हणून मुलाला एकच विचारावं: तू या विषयापासून पळतोयस, की दुसऱ्या विषयाकडे चाललायस? पळणाऱ्याला थांबवून कारण शोधावं. चालणाऱ्याला वाट द्यावी.

पक्ष्यांचे अभ्यासक डॉ. सालिम अली यांचं नाव आपल्या घरांत अभिमानानं घेतलं जातं. त्यांचं पहिलं वर्ष कसं गेलं, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही. १८९६ साली मुंबईत जन्म, लहानपणीच आईवडील गेले, मामांनी सांभाळलं. १९१३ साली सेंट झेवियर्समध्ये दाखल झाले, पण पहिलंच वर्ष एवढं जड गेलं की कॉलेज सोडून ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेले. १९१७ साली परतले आणि दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागले. त्यांचा खरा ओढा झेवियर्समधल्या फादर ब्लॅटर यांनी ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. सकाळी हिशेबाचे वर्ग, नंतर प्राणिशास्त्राचे, असं करत त्यांनी तो अभ्यासक्रम पूर्ण केला. पुढे १९७६ साली पद्मविभूषण मिळालं.

याच गोष्टीची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. रीतसर पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र सर्वेक्षणातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. विषय बदलल्यानं त्यांचं काही बिघडलं नाही. पदवी नसणं मात्र नडलं. तेव्हा विषय बदला, पण शिक्षण सोडू नका. आणि प्रत्येक मुलाला फादर ब्लॅटर भेटतीलच असं नाही. ते काम घरातल्या कोणीतरी करायचं असतं.

आमच्या नेसरीची ओळखच मागे न फिरणाऱ्यांची आहे. १६७४ साली खिंडीत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथी गेले ते गेलेच. त्यांचं स्मारक बघतच इथली मुलं मोठी होतात. पण सतरा-अठरा वर्षांच्या लेकराचा विषय म्हणजे रणांगण नव्हे. चुकीच्या एस.टी.त बसलो तर पहिल्या थांब्यावर उतरतो, त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गप्प बसून राहणाऱ्याचे मात्र पैसेही जातात आणि दिवसही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. अब्बा आधी रागावले. "आपा, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "भाई, कापड चुकीचं बेतलंय असं कात्री लावण्याआधी कळलं, तर तुम्ही काय करता?" ते काही बोलले नाहीत, मशीन चालवत राहिले. मगरिबनंतर घरी मशवरा झाला. लेकीनं रात्री इस्तिखाऱ्याची नमाज पढली. सोमवारी बापलेक दोघं अर्ज घेऊन कॉलेजला गेले. दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या आणि पालकांची सही, एवढ्यावर काम झालं. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात जागा होती, हीही अल्लाहची मेहरबानीच.

पालकांना एवढंच सांगते. कॉलेज सुरू झाल्यावर महिनाभरानं एकदा मुलांना शांतपणे विचारा, "विषय बरा वाटतो का?" गुण विचारू नका, विषय विचारा. आणि उत्तर आलं की लगेच चिडू नका. एकदा चिडलात, तर पुढचं उत्तर निकालाच्या दिवशीच कळेल.

ती मुलगी आता सुकवलेली रोपं जाड कागदावर लावून ठेवते. प्रात्यक्षिकासाठी लागतात. ती कागदावर सुईदोऱ्यानं टाचावी लागतात. दोरा कुठला घ्यायचा, टाका कुठं घालायचा, हे अब्बाच दाखवतात.