जन्मदात्यांचा शोध

शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत 'वडिलांचे नाव' असा एक रकाना असतो. इतकी वर्षे तो आम्ही फारसा विचार न करता भरीत आलो. गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी आदिलाबादेस भेटावयास आला. तो दत्तक मुलगा. आईवडिलांनी ते त्याच्यापासून कधी लपविले नाही. आता तो परदेशी नोकरीस आहे. तेथे त्याने लाळेची डीएनए चाचणी करून घेतली आणि एका अनोळखी मराठी व्यक्तीशी त्याची शेकडा ३ जुळणी निघाली. "सर, यावरून माझे जन्मदाते कळतील का? आणि कळले तर त्यांना पत्र लिहू का?" असे त्याने विचारले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात आहे. या विद्येशी आमच्या प्रदेशाचे नाते जुने. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेत डॉ. लालजी सिंह यांनी डीएनए ठशांची भारतीय पद्धत सिद्ध केली आणि १९८९ साली केरळातील तेल्लिचेरीच्या न्यायालयात पितृत्वाच्या वादात ती उपयोगी पडली. पण तेथे एका ठराविक माणसाशी ताडून पाहावयाचे होते. येथे नावच ठाऊक नाही.

अशा वेळी नातलगांवरून मागे जावे लागते. अपत्यास प्रत्येक जन्मदात्याकडून निम्मा डीएनए मिळतो. आजोबा, काका वा मावशी यांच्याशी साधारण चौथा हिस्सा जुळतो. सख्ख्या चुलत-मामे भावंडांशी आठवा. आणि ज्यांचे पणजोबा-पणजी एक, त्यांच्याशी सुमारे शेकडा ३. म्हणजे जुळलेल्या व्यक्तीच्या पणजोबा-पणजींच्या चार जोडप्यांपैकी एकाची नातवंडे शोधावयाची. त्यांतच जन्मदाता वा जन्मदात्री असण्याचा संभव. दुसऱ्या बाजूचीही जुळणी मिळाली, तर दोन वंशावळी कोठे भेटतात ते पाहावयाचे.

परंतु आपल्याकडे एक अडचण आहे. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल मराठी व तेलुगू दोन्ही समाजांत आहे. अशा घराण्यांत दोन-तीन वाटांनी आलेले नाते एकत्र मोजले जाते आणि दूरचा माणूस जवळचा भासतो. म्हणून केवळ आकड्यावर विसंबून कोणास 'आई' वा 'बाबा' म्हणू नये. शेवटी त्या व्यक्तीचीच, तिच्या संमतीने, चाचणी झाल्यावाचून खात्री नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार सज्ञान दत्तक व्यक्तीस आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र जन्मदात्यांच्या खासगीपणाचा भंग होता कामा नये, असेही ती सांगते. चाचणीला असे बंधन ठाऊक नसते. एखाद्या स्त्रीने अनेक वर्षे मनात जपलेली गोष्ट, कोण्या भाच्याने हौसेने दिलेल्या लाळेमुळे साऱ्या घरादारापुढे येऊ शकते.

आम्ही त्यास सांगितले, "पत्र भावकीस लिहू नकोस. प्रथम रीतसर अर्ज कर. पुढे नाव निश्चित झालेच, तर त्या एकाच व्यक्तीस लिही आणि उत्तर न देण्याची मोकळीक ठेव. तत्पूर्वी घरी सांग."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आईला आजच सांगतो." जिच्या मांडीवर तो वाढला, तीच आई त्याच्या मनात होती. वाचकहो, नोंदवहीतील तो रकाना आम्ही आता थोडा थांबून भरतो.