रिकाम्या हातांची शिकार

दिवाळी आली की लोकांना फराळाची आठवण होते. मला बदकांची होते. आमच्या मालवणी मुलखात चावदिवसाच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फोडले, त्याचा कडू थेंब जिभेला लावला आणि नाना परींचे पोहे खाल्ले, की सणाचे मुख्य काम आटोपते. मग उरलेल्या दिवसाचे करायचे काय? आमचे आजोबा ठासणीची बंदूक माळ्यावरून खाली काढीत, नळीतून तेलाची चिंधी फिरवीत आणि अंगणात येऊन आभाळाकडे पाहत म्हणत, "इली रे पाखरां!" आमच्या घरच्या हंगामाचे उद्‌घाटन हे असे होई.

वाचकांनी लगेच राजेरजवाड्यांची शिकार डोळ्यांपुढे आणू नये. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली होती. आमच्या आजोबांचा उच्चांक पाचाचा. त्यातलेही पाचवे बदक आपल्या बंदुकीचे होते, असे शेजारचे तात्या अखेरपर्यंत सांगत असत.

आमचा गाव धामापूरच्या तलावाच्या खालच्या अंगाला. मालवणपासून हा तलाव पंधरासोळा किलोमीटर. १५३० साली नागेश देसाई यांनी तो बांधला असे सांगतात. काठावर भगवतीचे देऊळ, भोवती झाडीने भरलेले डोंगर. २०२० साली जगातल्या वारसा ठरलेल्या जुन्या सिंचनकामांत त्याची गणना झाली, तेव्हा आम्हांला त्याचे थोरपण कळले. बदकांना ते आधीपासून ठाऊक होते. तलावाचे पाणी पाटाने खालच्या मळ्यांत येते. पावसाळी भात कापून झाले की त्या पाण्यावर वायंगणी भात घ्यायचे, ही तिथली जुनी रीत.

अडई नावाचे तपकिरी, कोंबडीपेक्षा लहान बदक आहे. उडताना ते शिट्टी घालते. दिवसा ते तळ्यात झोपा काढते आणि दिवेलागणीला पोट भरायला भाताच्या मळ्यांत उतरते. हिवाळ्यात त्याच्या सोबतीला उत्तरेकडची भिवई बदकेही येत. ही मंडळी वायंगणाच्या तरव्यात घुसली, की कोवळ्या रोपांची दैना. म्हणून आजोबांची बंदूक शेतीच्या राखणीची. ती राखण चवदारही होती, हा भाग वेगळा! पण त्यांचा एक नेम कडक होता. तलावावर कधी बार काढायचा नाही. "तळ्यात आसा ता देवीचा, मळ्यात इला ता आमचा," ही त्यांची सरहद्द.

संध्याकाळी आमची पलटण मेरेच्या आड दबा धरून बसे. आजोबा, काका, तात्या, मुंबईहून दिवाळीला आलेले आत्याचे यजमान आणि आम्ही पोरे. डास चावत, पाय मुंग्यांनी बधिर होत, पण हूं की चूं करायची सोय नव्हती. एका वर्षी शिट्ट्यांचा आवाज डोक्यावर आला आणि नेमक्या त्याच क्षणी आत्याच्या यजमानांना शिंक आली. पाखरे वळली ती थेट कर्लीच्या खाडीकडे. त्या रात्री घरी वडे होते, पण सोबत काळ्या वाटाण्याचे सांबारे होते. पुढे कितीतरी वर्षे ते गृहस्थ आले, की आजी त्यांना आधी विचारी, "सर्दी नाय मां?"

१९८७ चा हिवाळा मात्र मला वेगळ्या कारणाने आठवतो. मी नऊ वर्षांचा होतो. आजोबांनी बार काढला, एक अडई चिखलात पडली आणि ती आणायला मला पाठवले. मी तिला उचलले. ती गरम होती, आणि छातीची पिसे इतकी मऊ, की बोटे आत बुडाली. एवढ्यात डोक्यावर शिट्टी ऐकू आली. तिचा जोडीदार थव्याबरोबर गेला नव्हता. तो मळ्यावर घिरट्या घालीत होता. ठासणीची बंदूक पुन्हा भरायला वेळ लागतो. आजोबांनी ती सावकाश भरली. पाखरू अजून तिथेच होते, अगदी टप्प्यात. त्यांनी बंदूक उचलली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "चल. आजयेन मसालो वाटल्यान आसतलो."

पुढे मराठीचा प्राध्यापक झालो. वर्गात क्रौंचवधाची कथा सांगताना मला ती संध्याकाळ हटकून आठवते. आदिकवीच्या शोकाचा श्लोक झाला. मी त्या रात्री सागोतीबरोबर रोजच्यापेक्षा तीन वडे जास्त खाल्ले आणि गाढ झोपलो. हे सांगायला बरे वाटत नाही, पण खोटे कशाला सांगू?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून लहानसहान शिकार करण्याची सोय होती. आजोबांच्या परवान्यात नेमके काय लिहिले होते, हे मात्र आम्ही त्यांना कधी विचारले नाही! १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय संपली. आजोबांनी बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि बंदूक माळ्यावर ठेवली. आता म्हातारा खचणार, असे सगळ्यांना वाटले. पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला स्वारी काठी घेऊन मळ्याकडे निघाली. आजीने हटकले, तेव्हा म्हणाले, "बंदूक नाय तर नाय. पाखरां इली काय ता बघूक नको?"

मग ते रोज जात, थवा मोजत आणि घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहीत. मीही बरोबर असे. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की सबंध हंगामातली प्रत्यक्ष बंदुकीची मौज पाच-दहा मिनिटांची. बाकी सारा आनंद मेरेआड बसण्याचा, एकमेकांना कोपराने ढोसण्याचा आणि आवाज आधी कुणाला ऐकू आला यावर भांडण्याचा होता. तो कुठल्याही कायद्याने बंद केला नव्हता. सालिम अलींचा पक्ष्यांशी परिचय लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाला. बंदुकीकडून दुर्बिणीकडे जाणारी वाट आमच्या आजोबांना म्हातारपणी सापडली, एवढाच फरक. दुर्बीण मात्र त्यांना कधी मिळाली नाही.

आता आमची पलटण नवी आहे. मुंबईचा चुलतभाऊ, आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक मित्र, पत्नी आणि चौदा वर्षांची कन्या. दोन दुर्बिणी, चहाचा थर्मास. घरी वडे असतात आणि गावठी कोंबड्याची सागोती असते. गेल्याच्या गेल्या वर्षी सगळे जमले, काळोख पडला, आणि मळ्यावर एकही पाखरू उतरले नाही. तलावावर ती होती. वरून शिट्ट्या घालीत गेलीही. पण उतरणार कशासाठी? आमचे कुणगे पडीक होते. चुलते गेले, त्यांची मुले मुंबईला, गड्यांची मजुरी परवडेना. वायंगण सुटून किती वर्षे झाली याचा हिशेबही कुणाला लागेना. ज्या बंदुकीला दोष द्यायचा ती केव्हाची माळ्यावर गंजत होती. पाखरांचे ताट आम्ही काढून घेतले होते.

परतताना कन्येने विचारले, "बाबा, तू खरेच खाल्लेस ते बदक?"

"हो."

"आवडले?"

"हो."

ती बराच वेळ गप्प होती. धामापूरच्या तलावाची गोष्ट तिने आजीकडून ऐकली आहे. गरिबाघरी लग्न निघाले, की परडीत फुलांचे दागिने घालून परडी तळ्यात सोडायची. तळे सोन्याचे दागिने देई. लग्न झाले की ते परत करायचे. कुणा एकाने ते परत केले नाहीत आणि तळ्याचे देणे बंद झाले. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "ते परत न करणारे लोक म्हणजे आपणच ना?"

प्राध्यापकाला उत्तर सुचत नाही असे क्वचितच होते. त्या रात्री झाले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही भावांनी चार कुणगे साफ केले, बुजलेला पाट उपसला आणि वायंगण लावले. हिशेब मांडला तर बाजारातला तांदूळ स्वस्त पडला असता. तरवा हिरवा झाला त्या आठवड्यात आम्ही मेरेआड बसलो. रसायनशास्त्राचे प्राध्यापक शिंकण्याच्या बेतात होते. पत्नीने त्यांच्या नाकावर सरळ रुमाल धरला. शिट्टी ऐकू आली. काळ्या ठिपक्यांची एक ओळ तलावाकडून आली, एक वळसा घेतला आणि पाण्यात उतरली. कन्येने मोजली : एकोणीस.

सकाळी पाहिले तर कोपऱ्यातला तरवा पार तुडवलेला. चुलतभावाने कपाळाला हात लावला. "आजो आसतो तर बंदूक काढल्यान असती," तो म्हणाला. खरे असेल. मी घरात आलो, तर कन्या कॅलेंडरासमोर उभी राहून पेन्सिलीला टोक करीत होती.

यंदा सहा कुणगे लावायचे ठरले आहे.