बुजलेली जाळी
या आठवड्यात पुण्यातल्या एका गॅरेजात डिझेल एसयूव्हीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून ठेवलेला दिसला: मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, काजळीनं पार बुजलेली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झालं, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, म्हणून तर हा फिल्टर इथल्या गाड्यांना झेपला. इंधन सुधारलं, रस्ते मात्र तेच! साठलेली काजळी जाळायला सहाशेएक अंश तापमान लागतं. कोथरूड ते स्वारगेट रखडणारी गाडी तेवढी तापणार कधी? मग डॅशबोर्डवर फिल्टर बुजल्याचा पिवळा दिवा लागतो, आणि काहीजण फिल्टर काढून तिथं पोकळ नळी बसवतात. हा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या फुफ्फुसांवर घाला आहे. दिवा लागताच गाडी हायवेवर वीसेक मिनिटं सलग पळवावी. आणि ज्याची रोजची फेरी चार किलोमीटरची, त्याला शोरूमनं डिझेल गाडी विकूच नये.