टाकाऊ कोणी ठरविले?

शेतीतल्या 'टाकाऊ' मालाचे तंतू काढून त्यांपासून फळ्या, पत्रे आणि मोटारींच्या दारांची अस्तरे करण्याच्या कल्पनेचा सध्या मोठा गाजावाजा चालू आहे. तंत्राशी आमचे भांडण नाही. माटुंग्याच्या, १९२४ साली स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या करण्याची पद्धत केव्हाच सिद्ध केली आहे. भांडण आहे ते 'टाकाऊ' या शब्दाशी.

किन्हवलीच्या कोणत्याही कुणब्याला विचारावे. भाताचा पेंढा म्हणजे त्याच्या बैलांचा उन्हाळा. तूस वीटभट्टीत जळते, आणि उचल घेतलेला कातकरी त्याच भट्टीवर सहकुटुंब राबतो. त्याच्या झोपडीचा कारवीचा, शेणमातीने लिंपलेला कूड म्हणजे तरी काय? काडीने बळ द्यावे, लिंपणाने तिला धरून ठेवावे. आज कंपोझिट म्हणून मिरवले जाते त्यातले तत्त्व हेच; शेणमातीच्या जागी राळ आली एवढेच. (पेटंट मात्र कातकऱ्याला कोणी दिले नाही!)

एखादी वस्तू टाकाऊ ठरली की तिची किंमत शून्य धरता येते. मग कारखानदार फक्त वाहतूक मोजतो आणि मूल्य आपल्या यंत्राने निर्माण केले असे सांगतो. पेंढा बाहेर गेल्यावर वैरण महागते. ती झळ प्रथम लागते ती शेत नसलेल्या, एखादी गाय राखून असलेल्या घराला. कारखान्याच्या हिशेबवहीत या खर्चाला रकानाच नसतो.

याला उत्तर नाही असे नव्हे. साखरेबरोबर मळी आणि चिपाड यांच्या उत्पन्नातही ऊस उत्पादकाचा ७० टक्के वाटा असावा, असे रंगराजन समितीने २०१२ साली सुचविले. महाराष्ट्राने २०१३ साली महसूल-विभागणीचा कायदा केला. म्हणजे उपपदार्थावर उत्पादकाचा हक्क सरकारलाही मान्य आहे. मात्र त्या सूत्रात ऊसतोडणी कामगाराला जागा नव्हती, हे आपल्या चळवळीनेही पुरेसे मनावर घेतले नाही.

उद्या शहापूर-मुरबाडमध्ये असा कारखाना यावयाचा असेल, तर साथींनी करार आधी ग्रामसभेपुढे मांडण्याचा आग्रह धरावा. गावच्या गुरांची वैरण प्रथम बाजूला काढावी. उरलेल्या पेंढ्याला वजनाचा भाव आणि तयार मालाच्या विक्रीत वाटा मिळावा. आणि त्या वाट्यात कापणी-झोडणी करणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसले तरी असावे.