गोळ्यांनी हात वाकडा होत नाही!

गेल्या महिन्यात चाळिशीतल्या एक शेतमजूर बाई माझ्याकडे आल्या. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळलेले. विळ्याची मूठ धरवत नव्हती. दंडावर एक बधिर चट्टा. पाच महिन्यांपूर्वी त्यांना कुष्ठरोगाच्या गोळ्यांची पाकिटे सुरू झाली होती. दुसऱ्या महिन्यात चट्टा लाल होऊन फुगला, कोपर ठणकू लागले. गोळ्या बाधल्या, असे घरच्यांनी ठरवले आणि पाकिटे बंद केली. "डाक्टरसाहेब, गोळ्या घ्यायच्या आधी नुसता चट्टा होता. आता हातच गेला," त्या म्हणाल्या.

मी त्यांना दोष देणार नाही. औषध सुरू असताना असे होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. हा दोष आम्हा वैद्यकीय मंडळींचा आहे. माझे स्पष्ट मत असे की, पहिले पाकीट हातात देतानाच 'रिॲक्शन'ची माहिती प्रत्येक रुग्णाला दिली गेली पाहिजे. ही रिॲक्शन म्हणजे काय, ते आज समजून घेऊ.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी शोधला. हा जंतू अतिशय संथ. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. तो विषही ओकत नाही. मग हात वाकडा करतो कोण? पुष्कळदा आपलेच संरक्षक दल! या दलाला हुकूम देतात त्या 'मदतनीस टी-पेशी'. एचआयव्हीचा विषाणू नेमका यांच्यावरच घाला घालतो; रिपोर्टमधला 'सीडी-फोर' आकडा म्हणजे यांचीच शिरगणती.

या पेशी जन्मतात हाडांतल्या मगजात आणि शिकतात छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत. तेथली परीक्षा मोठी कडक. जी पेशी स्वतःच्याच शरीरावर उठेल असे दिसते, तिला तेथेच संपवले जाते. शंभरातल्या जेमतेम दोन-चार पेशी उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात आणि लसिका ग्रंथींत येऊन थांबतात. काखेत किंवा जांघेत 'अवधाण' येते ना, ती याच ग्रंथींची सूज.

जंतू शरीरात शिरला की टेहळ्या पेशी त्याचे तुकडे या ग्रंथींत आणून दाखवतात. सोबत रासायनिक निरोपही आणतात. त्या निरोपावरून मदतनीस पेशी आपला मार्ग ठरवते. पहिल्या प्रकारच्या पेशी भक्षक पेशींना चेतवून पोटात लपलेले जंतू पचवायला लावतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी प्रतिपिंडे तयार करवून घेतात. हे दोन प्रकार १९८६ मध्ये मॉसमन व कॉफमन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पेशींत दाखवून दिले. पुढे आणखी प्रकार सापडले. त्यांतल्या एका प्रकारच्या पेशी तर चक्क भांडण मिटवण्याचे काम करतात. जपानच्या साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या आणि याच विषयातील संशोधनासाठी त्यांना दोन अमेरिकी शास्त्रज्ञांसह २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कुष्ठरोगाकडे वळू. याचा जंतू पेशींच्या आत, विशेषतः नसांच्या आवरणात राहतो. तेथे प्रतिपिंडांचा उपयोग होत नाही. बहुतेक लोकांची प्रतिकारशक्ती त्याला थाराच देत नाही. ज्यांना आजार होतो, त्यांच्यात पहिल्या प्रकारच्या पेशी जोरदार असतील तर एक-दोन चट्ट्यांवर निभावते. दुसऱ्या प्रकारच्या वरचढ ठरल्या तर जंतू अंगभर पसरतात, कानाच्या पाळ्या जाड होतात, गाठी येतात. जंतू एकच, पण चित्रे दोन. अनेक रुग्ण मात्र या दोन टोकांच्या मध्ये असतात आणि त्यांचा तोल स्थिर नसतो.

हा तोल एकाएकी पहिल्या प्रकाराकडे झुकला की रिॲक्शन येते. मदतनीस पेशी खडबडून जागे झाल्यागत जंतूंवर, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही तुटून पडतात. दाह सुरू होतो. चट्टा सुजला तर तो ओसरतो. पण नस सुजली की घात होतो. कोपराजवळची नस हाडाच्या अरुंद खोबणीतून जाते. तेथे सुजायला जागाच नाही. नस दबते, करंगळी बधिर होते, बोटे वळतात. हेच चेहऱ्याच्या नसेत झाले तर डोळा मिटत नाही, गुडघ्याजवळच्या नसेत झाले तर पाऊल लुळे पडते. ही रिॲक्शन उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत अधिक दिसते. परंतु ती उपचाराआधी आणि पाकिटे संपल्यावरही येऊ शकते. म्हणूनच तिचे खापर गोळ्यांवर फोडणे चूक आहे.

यावर उपाय आहे. मूळ गोळ्या चालूच ठेवायच्या आणि दाह शमवण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन घ्यायचे, तेही हळूहळू कमी करत, काही महिने. हे औषध स्वतःच्या मनाने घेणे किंवा एकदम सोडणे, दोन्ही धोक्याचे. वेळ येथे फार मोलाची. नस निकामी होऊन सहा महिने उलटले तर फारसा लाभ होत नाही.

जाता जाता आणखी एक. 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा जाहिराती करून बाटल्या विकणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, नेमकी कोणती शक्ती वाढवायची? या बाईंचा हात शक्ती कमी पडल्याने वाकडा झालेला नाही, ती आवरली न गेल्याने झाला आहे. शरीराला हवा असतो तोल.

मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले, तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आज बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. तरीही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण दरवर्षी आपल्या देशात सापडतात. त्यांचे हातपाय वाचवायचे तर पाकीट देऊन भागणार नाही. दर महिन्याला रुग्णाची करंगळी दाबून, बॉलपेन टेकवून, डोळे मिटायला लावून नसा तपासल्या पाहिजेत. पाच मिनिटांचे काम आहे.

बाईंची पाकिटे पुन्हा सुरू केली आहेत, प्रेडनिसोलोनही दिले आहे. बोटांत थोडी जाणीव परतली आहे. विळा धरता येईल की नाही, हे मी त्यांना आज सांगू शकत नाही. त्या तीन महिने आधी आल्या असत्या, तर कदाचित सांगू शकलो असतो.

आपल्या घरात, शेजारी, कोणाची पाकिटे सुरू असतील तर एवढे लक्षात ठेवा : चट्टा लाल होऊन फुगला, कोपर ठणकू लागले, हातातून वस्तू निसटू लागली, चप्पल पायातून नकळत सुटू लागली किंवा डोळा मिटेना, तर गोळ्या सोडू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.