वस्तरा, गंज आणि शुद्ध प्रत

जुनी वस्तू दुरुस्त करणे म्हणजे तिला नवी करणे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घरच्या छोट्या कार्यशाळेत जुने वस्तरे दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये तर हा समज जवळजवळ श्रद्धेच्या पातळीवर पोहोचला आहे. काळवंडलेले पाते आरशासारखे लखलखू लागले की काम फत्ते झाले, असे मानले जाते. प्रस्तुत लेखकही काही वर्षे याच मताचा होता. ते मत का बदलले, हे येथे सांगायचे आहे. विषय वस्तऱ्याचा असला तरी जुन्या संहितांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना तो परका वाटू नये.

येथे वस्तरा म्हणजे आजच्या सलूनमधील, अर्धे पाते बदलून घालायचा वस्तरा अभिप्रेत नाही. अखंड पोलादी पात्याचा, शिंगाच्या किंवा सेल्युलॉइडच्या मुठीत मिटणारा जुना वस्तरा अभिप्रेत आहे. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे बेंजामिन हंट्समन याने १७४०च्या दशकात मुशीत पोलाद वितळवून ते एकजिनसी करण्याची रीत बसवली आणि अशा पात्यांसाठी लागणारे उत्तम पोलाद मिळू लागले. पुढे जर्मनीतील झोलिंगेनने या धंद्यात एवढे नाव कमावले की १९३८ साली त्या नावाच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. या दोन्ही गावांची पाती आपल्याकडील नाभिकांच्या धोकटीतही येऊन पोहोचली. १९०३ साली जिलेटने फेकून देता येणाऱ्या पात्यांचा रेझर विक्रीस आणला, तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर खपले. परंतु पुढील काही दशकांत घराघरांतील जुना वस्तरा पेटीच्या तळाशी गेला तो त्यामुळेच.

या वस्तऱ्याची रचना विलक्षण शहाणपणाची आहे. शिळेवर घासताना पाते आडवे ठेवतात. त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी शिळेला टेकतात. त्यामुळे कोन मोजावा लागत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून तो आपोआप ठरतो, साधारणपणे १६ ते १८ अंश. वर्षानुवर्षांच्या घासण्याने धार मागे सरते, तशी पाठही झिजते आणि कोन बराचसा टिकून राहतो. घडवणाऱ्या कारागिराने घेतलेला निर्णय असा पात्याच्या अंगातच राहतो. हौशी दुरुस्तीकार पॉलिश पेपरने पाठीवरचे डाग काढू लागला की तो हा निर्णयही थोडा थोडा खरवडत असतो.

विजेवर फिरणाऱ्या पॉलिशच्या चाकाचा धोका तर याहून मोठा. पोलादाला 'पाणी' दिलेले असते. ते लाल तापवून एकदम थंड केले की कठीण पण ठिसूळ होते. मग सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. चाकाच्या घर्षणाने पातळ धार याहून फार तापली की तिच्यावर निळसर झाक येते. ती आली की पाणी उतरले. मग कितीही घासा, धार टिकत नाही. 'पाणीदार' हा शब्द आपण माणसांसाठी किती सहज वापरतो. तो मुळात किती नाजूक गोष्टीविषयी आहे, हे भट्टीजवळ उभे राहिल्यावरच कळते.

व्यवसायातून निवृत्त झालेल्या एका नाभिक गृहस्थांनी मला त्यांच्या वडिलांचा झोलिंगेनचा वस्तरा दुरुस्तीसाठी दिला होता. पात्यावर गंजाचे काळे ठिपके होते आणि टोकाकडचा भाग जास्त झिजून निमुळता झाला होता. मी तीन संध्याकाळी खपून ठिपके घालवले, खरबरीत शिळेवर धार सरळ रेषेत आणली आणि पाते चकचकीत केले. त्या भरात दांडीवरचा कारखान्याचा ठसा पुसला गेला. गृहस्थांनी वस्तरा उघडला, अंगठा अलगद फिरवून धार पाहिली आणि म्हणाले, "सर, धार झकास लागलीय. पण आमचा वस्तरा ओळखू येईना." त्यांचे वडील शिळेवर टोकाकडे जास्त भार देत; ती झीज त्यांच्या हाताची होती. मी जे दोष म्हणून काढले ते त्या घरातले एका माणसाचे शिल्लक राहिलेले अक्षर होते. त्यांनी तक्रार केली नाही. वस्तरा कागदात गुंडाळला, चहा घेतला आणि ते निघाले.

त्या दिवसापासून मला भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची वारंवार आठवण होते. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६मध्ये पूर्ण झाले. १९२५पासून मुख्य संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी पदरचा पाठ घालण्याचा मोह कटाक्षाने टाळला. जो पाठ निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ येते. नाकारलेले पाठही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपलेले आहेत. आपल्याकडे एकनाथांनीही शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि यापुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. शुद्ध करणाऱ्याने पहिली सक्ती स्वतःवर करायची असते, एवढे तरी यातून शिकायला हवे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. वस्तरा ग्रंथ नव्हे. दाढी होत नसेल तर त्याच्या साक्षीमूल्याचे काय करायचे? आक्षेप मान्य आहे, पण त्याचे क्षेत्र धारेपुरतेच आहे. लाल, भुरभुरणारा गंज काढलाच पाहिजे, कारण तो पाते खात राहतो. कुजलेली सेल्युलॉइडची मूठही बदलावी. तिच्यातून सुटणारी आम्लवाफ पात्याला गंजवते. धारेपाशी खड्डे असतील तर निरोगी पोलाद लागेपर्यंत घासावे. मग १००० क्रमांकाच्या शिळेवर धारेचा उतार बसवावा, ४००० किंवा ५०००, ८००० आणि १२००० असे चढत जावे, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून पाते ओढावे. मात्र धारेपासून दूर असलेले ठिपके, स्थिरावलेला काळसर रंग, ठसा, जुन्या हाताची झीज यांना हात लावण्याचे कारण नाही. ते दाढीच्या आड येत नाहीत. फक्त आपल्या हौसेच्या आड येतात.

आणि हौस खरीच असेल तर तिला मोकळी वाट आहे. नवा वस्तरा घडवावा. साध्या उच्च-कार्बन पोलादाची पट्टी घ्यावी, करवत आणि कानस चालवावी, लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत आणि त्याहून थोडे अधिक तापवून तेलात बुडवावी, घरच्या ओव्हनमध्ये तिचा ठिसूळपणा उतरवावा, आणि पाण्यात वारंवार बुडवत, तापू न देता घासावी. तेथे आपला कोन, आपली चकाकी, आपला ठसा. पहिली दोन-तीन पाती वाकतील किंवा तडकतील. तो खर्च आपला असतो.

दुसऱ्याच्या पात्यावर आपली पूर्णता लादण्यापेक्षा स्वतःचे अपुरे पाते बरे. तो झोलिंगेनचा वस्तरा मला पूर्ववत करून देता येणार नाही. त्यानंतर हाती आलेल्या प्रत्येक वस्तऱ्याचा ठसा मात्र मी आधी कागदावर उतरवून घेतो, आणि मगच शिळा भिजवतो.