वडसा की देसाईगंज? संगणकाला कोण सांगणार

रेल्वेच्या पाटीवर वडसा, तालुक्याच्या कागदावर देसाईगंज. गाव एकच, हे गडचिरोली जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ती दोन गावे वाटतात. इंग्रजीत कुणी ‘व्ही’ने आणि कुणी ‘डब्ल्यू’ने सुरुवात केली, की तीन होतात. शेजारच्या कुरुडचा ‘रु’ ऱ्हस्व की दीर्घ, यावरही एका गावाची दोन गावे होतात.

हा नुसता शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोली वाहते. २०२७पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणायची आणि २०३०पर्यंत हिवताप हद्दपार करायचा, असे देशाचे उद्दिष्ट आहे. फवारणी आणि मच्छरदाण्या आधी कुठे, हे ठरवताना वर्षाला दर हजार लोकांमागे किती रुग्ण, हा आकडा पाहतात. समजा, ८०० वस्तीच्या गावात आठ रुग्ण सापडले, तर दर १० येतो. त्यातले पाच दुसऱ्या स्पेलिंगखाली गेले आणि त्या नावापुढे लोकसंख्याच नसली, तर दर चारच्याही खाली दिसतो. गाव यादीत मागे जाते, डास मात्र तिथेच असतात.

अशा वेळी महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा लिनक्सवर काम करणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेला वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम कामी येतो. ‘सॉर्ट’ने नावे क्रमाने लावायची, ‘युनिक’ने कोणते नाव किती वेळा आले ते मोजायचे आणि ‘ऑक’ने जुने नाव काढून ठरलेले नाव घालायचे. ऑक १९७७मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झाले आणि आजही साध्या लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालते. गावनिहाय मोजणीला रुग्णाचे नाव लागत नाही. तो रकाना ‘कट’ने आधीच उडवावा, हे अशा प्रोग्रॅमचे पहिले काम असायला हवे.

देवनागरीत आणखी एक खोच आहे. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना करताना जुळत नाहीत. इंग्रजीपुरते लिहिलेले आयते प्रोग्रॅम इथे गप्प बसतात, चूकही दाखवत नाहीत. म्हणून हे काम मराठी वाचणाऱ्यानेच करायला हवे.

खरी अडचण पुढे येते. असा प्रोग्रॅम एकाच्याच लॅपटॉपवर असतो. माणसाची बदली झाली, की तोही जातो. नाहीतर कुणी न तपासता वर्षानुवर्षे वापरला जातो. याचे जगाला हादरवणारे उदाहरण मार्च २०२४चे. फाइल लहान करणारे ‘एक्सझेड’ हे साधन असंख्य लिनक्स यंत्रांत आहे. ते अनेक वर्षे प्रामुख्याने एकच स्वयंसेवक सांभाळत होता. मदतनीस म्हणून विश्वास मिळवलेल्या कुणीतरी त्यात चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले, त्याने खोदून पाहिले आणि ती सापडली. चोरवाट तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचली होती, हे नशीब.

म्हणजे छोटे प्रोग्रॅम टाळावेत असे नव्हे. ते जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे, उघड आणि दोघा-तिघांना वाचता येतील असे असावेत. शिवाय नावांऐवजी क्रमांक वापरता येतात. पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. नोंद करतानाच तो घातला, तर वडसा-देसाईगंजचा घोळ उद्भवणारच नाही.

पण हे संकेतांक महसुली गावांचे. जंगलातल्या टोल्यांना सहसा वेगळा क्रमांक नसतो आणि हिवताप अनेकदा तिथेच ठाण मांडून असतो. कोणता टोला कोणत्या गावाचा, तिथे घरे किती, ही यादी गावोगावच्या आशाताईंनाच विचारून करावी लागेल.